उसाच्या पट्ट्यात नवं घर: उंदरापासून बिबट्यापर्यंतचा बंदोबस्त

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या बाजूला शहरातून येऊन घर बांधणारे वाढले आहेत. कुणी निवृत्तीनंतर कायमचं येतं, कुणी शनिवार-रविवारपुरतं. प्लॉट विकणाऱ्याच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असं छापलेलं असतं. त्या कुशीत आधीपासून आणखी कोण राहतं ते छापलेलं नसतं. मग राहायला आल्यावर पहिला प्रश्न येतो, “इथं बिबट्या येतो का हो?”

येतो. सापही येतात, माकडंही येतात. पण बंदोबस्ताला बिबट्यापासून सुरुवात केलीत तर पैसाही जातो आणि झोपही. सुरुवात उष्ट्यापासून आणि उंदरापासून करायची. घरामागे उष्टं पडलं की भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. धान्य, कोंबड्यांचं खाद्य, अडगळ असली की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी, हे त्यामागचं मोठं कारण. पुढे जे सांगतो आहे त्यातलं निम्मं या दोन आकड्यांतच आहे.

आधी घराभोवती एक फेरी

सामान लावायच्या आधी संध्याकाळी बॅटरी घेऊन घराला एक चक्कर मारा. भिंतीच्या पायथ्याशी बिळं, मोरीचा आणि सांडपाण्याचा उघडा पाइप, दाराखालची फट, खिडकीला टेकलेली फांदी, वळचणीतली भोकं, बांधकामातून उरलेल्या विटा आणि फरशा. बांधकामाचा हा ढिगारा ‘पुढं लागेल’ म्हणून वर्षानुवर्षं तसाच पडतो, आणि सापाला त्याहून चांगलं घर तुम्ही मुद्दाम बांधूनही देऊ शकणार नाही. लागणार असतील तर विटा भिंतीपासून लांब, जमिनीपासून उंच फळीवर रचा. सरपण आणि गोवऱ्यांचंही तेच. सरपण काढताना हात आधी घालू नका. काठीनं हलवायचं, मग उचलायचं.

घरातल्या छोट्या उंदराला अगदी बारीक फट पुरते, सहा-सात मिलिमीटरची. मोठ्या उंदराला त्याच्या दुप्पट. म्हणून नुसतं सिमेंट भरून भागत नाही, ते पोखरलं जातं. भोकात तारेची जाळी किंवा भांडी घासायचा स्टीलचा काथ्या दाबून बसवा आणि वरून सिमेंट लावा. दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी. मोरीला बारीक जाळी, तीही स्क्रूनं घट्ट बसवलेली. पाइपाच्या बाहेरच्या तोंडालाही जाळी हवी, ती गवंडी हमखास विसरतो.

धान्य पोत्यात ठेवायची सवय असेल तर सोडा. पत्र्याची कोठी घ्या, घट्ट झाकणाची. कुत्र्या-मांजराचं खाणं रात्री बाहेर ताटलीत राहू देऊ नका. उकिरड्यात शिजवलेलं अन्न, मासळीचं पाणी, कोंबडीची आतडी-पिसं टाकायची नाहीत. टाकायचीच तर खोल खड्ड्यात, वर जाड मातीचा थर देऊन.

उंदीर झालेच असतील तर पिंजरा आणि चाप ही पहिली हत्यारं. विषाबद्दल माझं मत कडक आहे: घरात मूल किंवा पाळीव जनावर असेल तर शक्यतो नकोच. झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की त्यातून विषारी वायू तयार होतो. रक्त पातळ करणाऱ्या वड्यांचा उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावून फिरतो आणि तुमच्या मांजराच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या पोटात जातो. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर तर उतारा नाही, यकृत निकामी होतं. ती पावाला लावून ठेवणं म्हणजे घरच्या मुलासाठीच ठेवणं. विष वापरलंच तर पाकीट जपून ठेवा, कारण कुत्र्यानं खाल्लं तर डॉक्टर पहिलं विचारतील ते त्यावरचं नाव. चिकट पुठ्ठेही आणू नका. त्यावर पाली, चिमण्या, कधी साप चिकटतो, आणि मग तो जिवंत साप सोडवायचा कुणी?

सापांसाठी: रात्र, जमीन आणि बॅटरी

भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यातले. धोका खरा आहे, पण तो मोजक्या सापांचा आणि मोजक्या प्रसंगांचा आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. नाग फणा काढतो, तो बहुतेकांना ओळखू येतो. घोणस जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारखे गडद ठिपके. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. फुरसे लहान आणि चिडखोर, खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं; कोकणातल्या कातळावर फार, खडकाळ माळावरही सापडतं. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे बिनविषारी. धामण लांबलचक आणि चपळ असल्यानं सगळ्यात जास्त मार तिलाच पडतो, आणि शेतातले उंदीर सगळ्यात जास्त तीच खाते.

मण्यारीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नवख्या माणसाला तीच कळत नाही. काळी-निळसर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे. दिवसा दिसत नाही, रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. चावा मुंगीच्या चाव्याइतका, कधी जाणवतही नाही. खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. ‘रात्रीचं जेवण बाधलं’ म्हणून ओवा दिला जातो आणि वेळ निघून जातो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असं झालं आणि डोळे मिटायला लागले, तर चाव्याची खूण शोधत बसू नका. दवाखाना गाठा.

उपाय स्वस्त आहे. बाजेवर किंवा पलंगावर झोपा, पलंग भिंतीपासून थोडा सरकवा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. पाहुण्यांची गर्दी झाली की पोरांची अंथरुणं पडवीत जमिनीवर घातली जातात, तिथंही मच्छरदाणी हवीच. उशाशी बॅटरी. रात्री उठलात तर पाय टेकायच्या आधी बॅटरी लावा. मोबाइलचा उजेड पुढचं दोन पावलं दाखवतो, तेवढा अंगणात पुरत नाही. बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. शेतात, गवतात गमबूट. चपला घालून गवत कापणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही.

बाजारात सापांना पळवणारी पावडर मिळते, कुणी कार्बोलिक ॲसिडच्या बाटल्या कोपऱ्यात ठेवायला सांगतं, कुणी डांबराच्या गोळ्या, लसूण, चुन्याची रेघ, अमुक झाड. यातल्या कशानंही सापाला अडवता येत नाही. कार्बोलिक ॲसिडनं कातडी भाजते आणि डांबराच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. त्या पैशात दाराची रबरपट्टी येते.

साप घरात दिसला तर

माणसं आणि जनावरं त्या खोलीतून बाहेर काढा. खोलीचं आतल्या बाजूचं दार लावा, खाली कपडा दाबा. एका माणसानं लांबून, दहा-बारा फुटांवरून, साप कुठं जातो तेवढं बघत राहायचं. नजर सुटली की सर्पमित्र येऊनही काही करू शकत नाही. अर्ध्याअधिक वेळा असंच होतं. मग १९२६ वर वन विभागाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन. सर्पमित्र कसा निवडायचा? आकडी आणि पिशवी घेऊन येतो, मुकाट्यानं साप भरतो, लोकांना मागं करतो, तो चांगला. नाग गळ्यात घालून रील काढू देतो, तो उद्या स्वतःच दवाखान्यात असेल. साप मारणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि चावे मारायला किंवा पकडायला गेल्यावरही होतात.

चावलाच तर

माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, घट्ट कपडे काढा, कारण सूज चढते. चावलेला हात किंवा पाय काठीचा आधार देऊन स्थिर करा, बांधणं सैल. दोरीनं आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, मिरची खायला घालून तिखट लागतं का बघायचं नाही. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. देवळात, मांत्रिकाकडे वाट वाकडी करू नका. बिनविषारी साप चावलेला माणूस कुठंही बरा होतो, आणि त्या बळावरच मांत्रिकाचं नाव चालतं.

साप पकडून न्यायची गरज नाही. मिळणारी लस या चारही सापांवर चालते. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर बरं, नाहीतर नको. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर वॉर्डात भांडण होतं. डॉक्टर आल्या आल्या लस देतीलच असं नाही. विष अंगात गेल्याची लक्षणं दिसली तरच ती देतात, कारण तिची स्वतःची रिॲक्शन जोरदार येऊ शकते. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात आणि गोठतं का बघतात. लक्षणं नसली तरी दिवसभर देखरेखीखाली ठेवतात. हा हलगर्जीपणा नव्हे.

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतो का, जवळचा व्हेंटिलेटर कुठं आहे, ही चौकशी राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात करा. चावल्यावर ती करता येत नाही.

विंचवाचं थोडक्यात: काळी थोराड इंगळी दिसायला भयंकर, पण घातक लाल, लहान विंचू. डंखानंतर दरदरून घाम, गार हातपाय, उलट्या असं झालं तर, विशेषतः मुलांना, ताबडतोब दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचार रूढ केला. त्याआधी कोकणात विंचवानं माणसं पटापट जायची.

कुत्रा, मांजर, कोंबड्या

शहरातून येणारे बरेचजण ‘राखणीला’ म्हणून कुत्रा आणतात आणि रात्री अंगणात साखळीनं बांधतात. या पट्ट्यात तो राखणदार राहत नाही, बांधून ठेवलेलं भक्ष्य होतो. साखळी असल्यानं त्याला पळताही येत नाही. कुत्रा दिवे लागणीनंतर घरात, किंवा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या खोलीत. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो उगीच नाही, बिबट्या गळा धरतो. पण पट्ट्याच्या भरवशावर कुत्रा बाहेर ठेवू नका.

रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, मग दरवर्षी. तुमच्या घरच्याला भटका कुत्रा, मांजर, माकड किंवा मुंगूस चावलं, ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी पहिली लस, आणि ठरलेल्या तारखा चुकवायच्या नाहीत. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. रेबीज झाल्यावर जवळपास कुणी वाचत नाही.

कोंबड्यांवर मुंगूस, उदमांजर, रानमांजर आणि साप सगळेच टपलेले असतात. कोंबड्यांची म्हणून मिळणारी षटकोनी पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. वेल्डेड जाळी घ्या, अर्ध्या इंची. खाली फरशी नसेल तर जाळी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा, म्हणजे उकरणारा तिथंच अडतो. खुराड्याची कडी साधी नको, पीळ देऊन उघडणारी हवी.

गोचीड दर आठवड्याला तपासा. कोकणात, दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत घर घेतलं असेल तर हे अधिकच, कारण तिथं गोचिडांमुळे माकडताप होतो. रानात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

बिबट्या

ऊस उभा असतो तेव्हा तोच बिबट्याचं जंगल. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत शेतात राहतो. आत सावली, पाणी, आडोसा, भोवती कुत्री आणि डुकरं. पिल्लंही तिथंच होतात. गळीत हंगामात ऊस तुटायला लागला की त्याला हलावं लागतं आणि तो जास्त दिसतो. या दिवसांत जास्त सावध राहायचं.

घरापासून उसापर्यंत जितकी मोकळी जागा ठेवता येईल तितकी ठेवा. शेजाऱ्याचा ऊस असेल तर त्याच्याशी बोला. बांधावरचं गवत आणि घाणेरीची झुडपं तरी साफ करू देईल. अंगणात दिवा असावा, पण दिव्यानं बिबट्या थांबतो असं नाही. तो तुम्हाला दिसावा म्हणून दिवा.

गोठ्याला भिंत असून चालत नाही, वरून बंद हवं. सहा-सात फुटांची भिंत बिबट्या सहज चढतो. जाळी किंवा पत्रा, आणि दाराला खालपर्यंत फट नको.

माणसांसाठी नियम थोडे, पण पाळायचे. अंधार पडल्यावर लहान मूल अंगणात एकटं नको, पाच मिनिटंही नको. या पट्ट्यात लहान मुलांचे जीव गेले आहेत, तेव्हा ‘एवढंसं काय’ असं म्हणू नये. शौचालय घरातच हवं. उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसून काम करताना सोबत कुणी तरी उभं असावं. वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. उघड्यावर झोपायचं नाही. रात्री वाटेनं जाताना बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा, काठी आणि बॅटरी हातात. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते तिथल्या शेतकऱ्याला हे सगळं सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे. म्हणून दिवसा वीज द्या ही इथली जुनी मागणी आहे, आणि बिबट्याच्या प्रश्नावरचा तो मला सगळ्यात नेमका उपाय वाटतो.

समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, खाली बसू नका. हात वर करा, ओरडा, मुलाला शक्यतो न वाकता कडेवर घ्या आणि त्याच्याकडे बघत मागे सरका. त्याला निघायची वाट मोकळी ठेवा. घरात शिरला असेल तर बाहेरून दार लावा आणि १९२६. गर्दी जमली की काम बिघडतं: घाबरलेला बिबट्या वाट मिळेल तिकडे उसळतो आणि वाटेत येईल त्याला जखमी करतो.

ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोला उचलू नका. तिथली तोड थांबवा, वन विभागाला बोलवा. बहुतेकदा पिल्लं त्याच जागी टोपलीत किंवा खोक्यात ठेवली जातात आणि रात्री मादी घेऊन जाते. पिल्लं हलवलीत तर ती मादी तुमच्याच शिवारात शोधत फिरणार.

‘पिंजरा लावून घेऊन जा’ ही मागणी मात्र दर वेळी करू नये. नुसता दिसला म्हणून पकडला तर रिकाम्या जागेत दुसरा येतो. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले होते; माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पिंजरा लागलाच पाहिजे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे.

कुंपणात घरची वीज सोडू नका, रानडुकरासाठीही नाही. त्या तारेला लागून शेजारी मरतो, मुलं मरतात, आणि सोडणारा तुरुंगात जातो. झटका देणारं सौर कुंपण वेगळं असतं. त्याचं यंत्र क्षणभराचे झटके देतं, जीव घेत नाही.

माकडं आणि आग्यामोहोळ

माकडांना एकदा पोळी टाकली की ती रोज येतात आणि कौलं फोडतात. टाकायची नाही, बाकी उपाय तात्पुरते. टाकीचं झाकण बांधा, स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी. नर दात दाखवत असेल तर डोळ्याला डोळा भिडवू नका. आग्यामोहोळ झाडावर असेल तर त्याखाली शेकोटी, धूर, फटाके, ढोल नको. काढायचं काम माहीतगाराचं.

दाराच्या मागचा कागद

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या मागे लावा: रुग्णवाहिका १०८, वन विभाग १९२६, पोलीस ११२. खाली हातानं वनरक्षकाचा, सर्पमित्राचा, जनावरांच्या डॉक्टरांचा आणि गाडी असलेल्या शेजाऱ्याचा नंबर. घराचा पत्ता खुणेसकट लिहा, ‘कॅनॉलच्या पुलावरून डावीकडे’ अशा भाषेत, कारण फोन पाहुण्यानं केला तर त्याला गटनंबर माहीत नसतो. शेळी, वासरू मारलं गेलं तर भरपाई मिळते; त्यासाठी लगेच कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही, फोटो काढून ठेवायचे. सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स त्याच कागदामागे पाकिटात ठेवा, वनपाल आला की तीच मागतो.